गावाचं एक काम लेकरांच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. त्यानंतर दोन-तीन दिवस आपल्याकडच्या सगळ्याच वर्तमानपत्रांत शाळांच्या स्वच्छता कार्यक्रमांचे फोटो येतात, तसे यंदाही आले. मागे फलक, मध्ये पाहुणे आणि पुढे उकिडवी बसवलेली पहिली-दुसरीची लेकरं. हातात नवे झाडू, काहींवरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. ते फोटो पाहून मला त्या लेकरांसाठी वाईट वाटलं आणि म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझी नोकरीची बहुतेक वर्षं दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिली ते चौथीच्या वर्गांवर गेली. सहा ते दहा वर्षांचं लेकरू गावासाठी काय करू शकतं आणि ते त्याच्याकडून कसं करून घ्यावं, हे मी जवळून पाहिलं आहे. तेवढंच सांगायचं आहे.

गाडगेबाबा आमच्या याच मुलखातले. जन्म १८७६ चा, शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे गेलं, तिथे त्यांनी गुरं राखली, शेती केली. १९५६ साली देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढी नदीपाशी. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायला घेत, भाकरीचं नाव त्यानंतर, आणि कीर्तन रात्री. आधी काम आणि मग बोलणं, हा क्रम त्यांनी जन्मभर सोडला नाही. आपण पुण्यतिथीला तो उलटा करतो. आधी भाषणं, मग हार, मग फोटो, आणि वेळ उरलाच तर दोन मिनिटं झाडू. लेकरं फार बारीक बघतात. मोठी माणसं कशाला महत्त्व देतात ते त्यांना लगेच कळतं. त्या दिवशी ती हेच शिकून घरी जातात की सेवा म्हणजे फोटो काढेपर्यंत उन्हात बसून राहायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान लेकराला गावाचं एक खरं काम द्यावं. छोटं असावं, पण त्यानं ते केलं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. आणि ते रोजचं किंवा आठवड्याचं असावं, वर्षातून एकदाचं नको.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. आपल्या गावांकडे ही रीत होती. सप्ताहाचा काला असो की गुरुदेव सेवा मंडळाचा कार्यक्रम, पंगत बसली की वाढायला लेकरं लागतच. ज्यांनी ती पंगत पाहिली आहे त्यांना आठवेल, कुणाच्या हाती काय द्यायचं हे ठरलेलं असे. सहा-सात वर्षांच्यांना पत्रावळी आणि द्रोण मांडायला देत. थोडं मोठं झालं की मीठ. नंतर पाण्याचा जग. अकरा-बारा वर्षांचा झाला की पोळी, मग वांग्याची भाजी. आणि वरणाची बकेट मिसरूड फुटल्याशिवाय कुणाच्या हाती येत नसे, कारण ते कढत असतं आणि खाली बसलेल्या माणसाच्या मांडीवर सांडलं तर भाजतं. कोणत्या वयाला किती जबाबदारी झेपते याचा इतका नेमका विचार मला शिक्षकांच्या प्रशिक्षणातही क्वचितच ऐकायला मिळाला.

त्यातलं मीठ वाढण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. मीठ वाढणारं लेकरू पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पानासमोर वाकतं. एकही पान सोडून चालत नाही. पान ओलांडायचं नाही, पाय लागू द्यायचा नाही, चिमूट सगळ्यांना सारखी. सरपंच बसले असतील तर त्यांनाही तेवढीच आणि शेतावर रोजानं जाणारी बाई बसली असेल तर तिलाही तेवढीच. मधूनच कुणी हात आडवा धरला की मुकाट पुढे सरकायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वाढणाऱ्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं. बुंदीचा वास येतो आहे, पोटात भूक आहे, आणि आपण मात्र अजून दुसऱ्यांच्या पानाकडे बघतो आहोत. आठ वर्षांचं लेकरू हे तासभर निभावतं. ते त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

त्या जुन्या पंगतीत सगळे एका ओळीत बसत नसत, काहींची पानं लांब, वेगळी मांडली जात, हेही मी विसरलेली नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज जन्मभर ज्याच्याशी झगडले ते हेच. त्यामुळे जुनं ते सगळं परत आणा असं मी म्हणणार नाही. पण आता एका ओळीत बसायची वेळ आली तेव्हा पंगतच जाते आहे. गावागावांत केटरिंगवाले आले, टेबलं लागली, वाढायला शहरातून मुलं आणली जातात. आमची लेकरं प्लेट घेऊन रांगेत उभी राहतात, जेवतात, आणि प्लेट कुठेही टाकून निघून जातात. काम करणाऱ्या सगळ्यांना मजुरी मिळते, त्यात वाईट काही नाही. तरी वर्षातून एखादी पंगत अशी ठेवावी की जिथे वाढायला गावचीच लेकरं असतील आणि ती मिठापासून सुरुवात करतील.

आता आमच्या शाळेत काय केलं ते सांगते. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. हापशीचं पाणी भांडी घासायला, गुरांना. पिण्याचं म्हणजे शहानूर धरणाच्या योजनेचं, नळाला येतं ते. नळही रोज येत नाही. त्यामुळे गोड पाण्याची किंमत इथलं लहान पोरही जाणतं. आमच्या एसटी थांब्यावर उन्हाळ्यात रांजण ठेवायची पद्धत होती, ती मधल्या काळात बंद पडली. रांजण फुटला, नवा कोणी आणला नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी विचारलं की हे काम तिसरी-चौथीच्या मुलांना द्यावं का. समितीतल्या एका शेतकरी भावानं रांजण आणून दिला, दुसऱ्यांनी थांब्याच्या निंबाखाली विटांचा ओटा करून दिला. नळाचं पाणी थांब्याच्या शेजारच्या घरातून घ्यायचं ठरलं. बाकीचं लेकरांचं.

बाकीचं म्हणजे काय, ते थोडं बारकाईनं सांगते, कारण सगळं त्या बारकाव्यातच आहे. चौघांचा गट, आठवडाभर पाळी. शाळा सुटायच्या आधी रांजणात उरलेलं पाणी निंबाच्या आळ्यात ओतायचं. रांजण तिरपा धरायला दोघं, आत हात घालून नारळाच्या काथ्यानं घासायला एक, सगळ्यात लहान हाताचा. दोन दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत शेवाळ धरतं, ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. मग पाणी भरायचं. भरलेली बकेट एकट्यानं उचलायची नाही, दोघांनी धरायची आणि अर्धीच भरायची, हा नियम मी घातला होता. वर पांढरं फडकं बांधायचं, झाकण ठेवायचं, लांब दांड्याचं ओगराळं अडकवायचं. गटासोबत रोज एक मोठं माणूस असे. कधी मी, कधी कुणाचा बाप, कधी थांब्यावरचे चहावाले दादा. हे फार महत्त्वाचं आहे. लेकरांना कामाला लावून मोठ्यांनी लांब उभं राहून हाका मारायच्या, हे लेकरांना आवडत नाही आणि आवडूही नये.

पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या एकानं सरळ विचारलं, "बाई, रांजण भरला त काय भेटन?" प्रश्न प्रामाणिक होता. शाळेत हल्ली प्रत्येक गोष्टीला काही ना काही भेटतं. मी म्हटलं, "तहानलेल्याले पाणी भेटन." त्याला ते पटलं नाही, तोंडावर दिसत होतं. पण त्याच्याच गटाच्या पाळीत एका दिवशी नळ आला नव्हता. शेजारच्यांच्या टाकीत थोडं पाणी होतं, ते मागायला जायचा पोरांना कंटाळा आला. त्यांनी हापशीवरून भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याच्या गाडीतून एक म्हातारे बाबा उतरले, ओगराळं भरून तोंडाला लावलं आणि चूळ भरून टाकून दिली. मधल्या सुट्टीत पोरं तिथेच होती. बाबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "काऊन रे बाबू, हापशीचं भरलं काय? लय दुरून आलो होतो." तो पोरगा पळत घरी गेला आणि स्वतःच्या घरच्या माठातला गडवा भरून घेऊन आला. मग चौघांनी मिळून अख्खा रांजण रिकामा केला. त्या दिवसानंतर 'काय भेटन' हा प्रश्न त्या वर्गात मला ऐकू आला नाही. मी काही बोलले नव्हते. म्हाताऱ्या बाबांनी जे शिकवलं ते माझ्या कोणत्याही पाठात नव्हतं.

म्हणूनच बक्षिसांबद्दल मला कळकळीनं लिहावंसं वाटतं. माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिनं मला जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांच्या कामाबद्दल सांगितलं. २००६ साली त्यांनी दाखवून दिलं की दीड वर्षाचं मूलही समोरच्या अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली तर ती उचलून द्यायला धावतं. कुणी न सांगता, काहीही न मिळता. पुढे २००८ साली त्यांनी वीस महिन्यांची मुलं घेतली. काहींना मदत केल्यावर दर वेळी खेळणं दिलं, काहींची नुसती स्तुती केली, काहींना काहीच दिलं नाही. नंतर सगळ्यांसाठी बक्षीस बंद केल्यावर ज्यांना खेळणं मिळालं होतं तीच मुलं मदतीला कमी आली. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. अंगणात आईनं झाडू हाती घेतला की दोन वर्षांची पोर तिच्या हातून तो ओढून घेते, हे कोणत्या घरात घडत नाही? आपण म्हणतो, "सोड, तुले नाही जमत." सात-आठ वर्षांनी तीच पोर ऐकत नाही म्हणून रागावतो आणि सेवेचं प्रमाणपत्र देऊन तिला पुन्हा कामाकडे वळवायला बघतो.

शाबासकी जरूर द्यावी. पण ती शिक्षकापेक्षा पाणी प्यायलेल्या माणसानं दिलेली बरी. प्रमाणपत्र, पदक, गटागटांत नंबर काढणं, हे पहिली ते चौथीत तरी नको.

आता जरा जड बोलायचं आहे. शाळेत झाडू कुणाच्या हाती असतो, हे प्रत्येक शाळेनं एकदा नीट बघावं. मी अशा शाळा पाहिल्या आहेत की वर्ग झाडायला कायम मुलीच उठतात आणि मुलगे बेंच सरकवून देण्यापुरते. अशाही पाहिल्या की गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा काय, तर वऱ्हांडा झाड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही ठिकाणी न सांगता, न बोलता झाडू पुन्हा पुन्हा त्याच वस्तीतल्या लेकरांच्या हाती जातो, ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर गावानं हेच काम पिढ्यानपिढ्या लादलं होतं. कुणी मुद्दाम करतो असं नाही, सवयीनं होतं. पण त्या लेकराला ते कळतं, आणि बाजूच्या लेकरालाही कळतं. अशा शाळेत सेवेचा कितीही मोठा कार्यक्रम घेतला तरी तिथे सेवेऐवजी उतरंडच शिकवली जाते. शिक्षा म्हणून काम देणं तर ताबडतोब बंद व्हायला हवं. ज्या हातानं आपण काम म्हणजे शिक्षा असं दाखवतो त्याच हातानं गाडगेबाबांच्या फोटोला हार कसा घालणार?

आमच्याकडे पाळीचा तक्ता भिंतीवर होता आणि हजेरीपटाच्या क्रमानं होता. मुलगा-मुलगी, या गल्लीचा त्या गल्लीचा, कुणालाच सूट नाही. एक आई शाळेत भांडायला आल्या होत्या. "आमच्या पोराले झाडू मारायले लावता काय? घरी त्यानं कधी काडी इकडची तिकडे केली नाही." मी त्यांना बसवलं, तक्ता दाखवला, त्यात माझंही नाव होतं. सोमवारी वर्ग मी झाडत असे. त्या काही बोलल्या नाहीत, पण मुलाचं नावही काढायला सांगितलं नाही.

याच्याच जोडीला, लेकरांना काय करायला लावू नये हेही ठरलेलं हवं. नाल्या उपसणं, संडास धुणं, काच-पत्रा वेचणं, रस्त्यावर उभं राहून वर्गणी मागणं, यातलं काहीही दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं काम नाही. ग्रामपंचायतीनं करायचं काम लेकरांच्या नावावर टाकू नये.

काही पालक म्हणतात, आमची लेकरं आधीच काम करतात, हे शहरातल्यांना शिकवा. त्यात तथ्य आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवाळीनंतर आमच्या वर्गांतली हजेरी कशी घसरते ते मला माहीत आहे. लहान भावाला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुली मी शिकवल्या आहेत. अशा मुलीच्या अंगावर आणखी तासभराचं काम टाकणं हा अन्याय होईल. म्हणून गावाचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आणि शाळेच्या वेळेतच असावं. पण घरचं काम आणि गावाचं काम यांत फरक आहे. घरचं काम ती करते कारण घर तिचं आहे. थांब्यावरचा रांजण घासते तेव्हा गावही तिचं होतं. ज्या लेकराच्या घरी काहीच नाही त्यालाही कुणाला तरी काही देता येतं, हे मी त्या लेकरांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. एरवी त्यांच्या वाट्याला घेण्याचीच रांग येते: गणवेश घ्या, पुस्तकं घ्या, खिचडी घ्या.

आपल्याकडे श्रमसंस्कारांची परंपरा किती मोठी आहे! १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. बाबा आमट्यांच्या सोमनाथला तरुणांची श्रमछावणी भरते. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. २०१६ साली पाण्यासाठी श्रमदानाची जी स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली त्यात आपल्या जिल्ह्यातलं वरुड होतं. माझी बहीण तिकडे दिलेली, मी स्वतः जाऊन आले, आणि पहाटे आईबापांसोबत छोट्या टोपल्या घेऊन निघालेली लेकरं पाहिली. पण यातलं बहुतेक सारं तरुणांसाठी आणि मोठ्यांसाठी आहे. सहा ते दहा वर्षांच्यांसाठी आपल्याकडे कार्यानुभवाचा तास उरला, आणि त्यात बहुतेक ठिकाणी कागदाची फुलं होतात. अठराव्या वर्षी शिबिरात कुदळ हाती घ्यायला लाज वाटू नये, असं वाटत असेल तर सुरुवात पहिलीतच झाली पाहिजे.

रांजण हेच काम हवं असं नाही. शाळा सुटताना प्रत्येकाच्या बाटलीत उरलेलं घोटभर पाणी एकाच ठरावीक झाडाला घालणं, हेही आमच्या खाऱ्या जमिनीत फार मोठं काम आहे. हापशीच्या पाण्यावर रोप जगत नाही, या उरलेल्या गोड्या पाण्यावर आमच्या आवारातले दोन निंब आणि एक करंज उभे राहिले. शनिवारी पारावर बसलेल्या, डोळे गेलेल्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं हे चौथीतलं लेकरू उत्तम करतं आणि त्याचं वाचनही सुधारतं. आजोबा बाजारभाव पुन्हा पुन्हा वाचायला लावतात, तेव्हा आकडे चुकवून चालत नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होतील. तिथे मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं उठून विचारावं की गावाचं एक छोटं, रोजचं, धोका नसलेलं काम आमच्या लेकरांना द्याल का, आणि त्यासाठी रोज एक मोठं माणूस द्याल का. ठरावात दुसरी अट लिहून घ्यावी, नाहीतर पहिलीला अर्थ नाही. आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी की पुढच्या २० डिसेंबरला फोटो छापताना शाळेला एक प्रश्न जरूर विचारा: हे काम काल कोण करत होतं आणि उद्या कोण करणार आहे?

ज्यांना पाणपोईच करायची आहे त्यांनी रांजण फेब्रुवारीतच सांगून ठेवावा. होळीनंतर कुंभाराकडे मोठा रांजण मिळत नाही, आणि नवा रांजण आठ दिवस पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून ठेवल्याशिवाय त्याचा मातकट वास जात नाही. ते भरणं-ओतणंही लेकरांनाच करू द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दर्यापूर, जि. अमरावती
(नाव-गाव संपादकांकडे दिले आहे)